कागदावरचा आकडा आणि अंगातली कळ



वसंत व्याख्यानमालेच्या चालकांनी आम्हास बोलावले, तेव्हा आम्ही किमान वेतनावर बोलावे अशी त्यांची अपेक्षा होती. जिन-प्रेसमधील कामगार आणि बाजार समितीच्या आवारातील हमाल यांच्या संघटनेत ज्याची तीस वर्षे गेली, त्याने दुसरे काय बोलावे? पण आम्ही विनंती केली, की या खेपेस आम्हाला रक्ताच्या गुठळीवर आणि ती शोधणाऱ्या चाचण्यांवर बोलू द्या. चालक क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहत राहिले. पण त्यांनी मान्य केले, याबद्दल त्यांचे आभार.

आम्ही डॉक्टर नव्हे. सातवीत शाळा सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले, ते वाचनालयाच्या बाकावर आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. परंतु पगारपत्रक वाचायला शिकल्यावाचून कामगाराची फसवणूक थांबत नाही, हे आम्ही त्या शिक्षणात शिकलो. रक्ताच्या तपासणीचा कागद हेही एक पगारपत्रकच आहे. तो वाचता आला नाही, तर माणूस एकतर उगाच घाबरतो, नाहीतर उगाच निर्धास्त राहतो. आम्ही हे दोन्ही केलेले आहे. म्हणून आज जे सांगणार आहोत, ते विद्वत्ता नव्हे, कबुली आहे.

आम्हाला सिकलसेलचा आजार आहे. लहानपणी त्याला नाव नव्हते. हाडे ठणकत, पोटात कळ येई, डोळे पिवळे होत. आई म्हणे वात आहे, शेजारी म्हणत बाहेरचे आहे, आणि मास्तर म्हणत आळस आहे. चाळिशीच्या उंबरठ्यावर असताना एका तपासणी शिबिरात रक्त दिले, आणि आमच्या दुखण्याचे बारसे झाले. नाव मिळाल्याने दुखणे कमी झाले नाही. पण 'ढोंग' हा शब्द तेवढा गळून पडला.

या आजाराची कथा मोठी आहे. ती थोडक्यात सांगतो. शिकागोच्या जेम्स हेरिक या डॉक्टरांनी १९१० साली एका विद्यार्थ्याच्या रक्तातील विळ्याच्या आकाराच्या पेशींचे वर्णन प्रसिद्ध केले. आपल्या देशात १९५२ साली नीलगिरीच्या आदिवासींमध्ये तो दोष आढळला, आणि १९५८ साली नागपूरच्या डॉक्टरांनी मध्य भारतातील सिकलविषयी 'लॅन्सेट' या नियतकालिकात लिहिले. म्हणजे आमचा जन्म होण्यापूर्वीच आमच्या दुखण्याचे नाव नागपूरपर्यंत येऊन पोचले होते. नागपुराहून केळापूर, झरी, मारेगावच्या पोडांपर्यंत यायला मात्र त्याला पुढे कित्येक दशके लागली. हा आजार कोणा एका जातीचा नव्हे. जेथे पिढ्यान्पिढ्या हिवताप होता, तेथे हा दोष टिकला; कारण आईबापांपैकी एकाकडूनच ज्याला तो मिळतो, त्या वाहकाचे जीवघेण्या हिवतापापासून काहीसे रक्षण होते. दोघांकडून मिळाला, की मात्र आमच्यासारखी गत होते.

आता मूळ विषयाकडे येऊ. सिकलच्या माणसाच्या रक्तात दोन तऱ्हेची कोंडी होऊ शकते, आणि त्या दोहोंचा घोटाळा करणे हेच साऱ्या अनर्थाचे मूळ आहे. पहिली कोंडी आमच्या नित्याची. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात आणि केसाहून बारीक वाहिन्यांत अडकून बसतात. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही आणि कळ उठते. दुसरी कोंडी गुठळीची. जखम झाली की रक्तात फायब्रिन नावाचे धागे तयार होतात, आणि रुईचा गुंता व्हावा तसे त्यांचे जाळे होऊन त्यात रक्त धरले जाते. जखमेवर हे व्हावे हा आपल्यावर निसर्गाचा उपकारच. पण तेच जखमेवाचून पायाच्या खोल शिरेत झाले, तर पाय सुजतो. आणि त्या गुठळीचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला, तर प्राणावर बेतते.

अशी गुठळी का होते? फिर्खो या जर्मन डॉक्टरांच्या नावाने तीन कारणे सांगितली जातात: रक्ताचा प्रवाह मंदावणे, वाहिनीच्या भिंतीला इजा होणे आणि रक्ताचा गुणच गोठण्याकडे झुकणे. या फिर्खोंविषयी आम्हाला विशेष ममत्व आहे. १८४८ साली सायलीशिया प्रांतात तापाची साथ आली, तेव्हा सरकारने त्यांना पाहणीला धाडले. त्यांनी परत येऊन नुसत्या औषधाची शिफारस केली नाही. शिक्षण, स्वातंत्र्य आणि लोकांच्या भाकरीची सोय हेच औषध, असे कळवले. आमच्या संघटनेच्या कचेरीत त्यांची तसबीर लावायला हरकत नाही. असो. सिकलच्या माणसाला यांतील तिसरे कारण जन्मापासूनच चिकटलेले असते. म्हणून इतरांपेक्षा त्याला गुठळीचा धोका अधिक.

आता आमची पहिली चूक. २०१७ साली मुंबईला एका बैठकीस गेलो होतो. परतताना गाडीत रात्रभर एका जागी बसून होतो. उतरावे लागू नये म्हणून पाणीही बेतानेच प्यालो. सकाळी धामणगावला उतरलो, तो डावी पोटरी दुखत होती. आम्ही म्हटले, नेहमीचेच. दुकानातून दुखण्याच्या गोळ्या आणल्या, तेल लावून पाय चोळून घेतला, आणि दुसऱ्या दिवशी कामगारांच्या सभेत उभे राहून तासभर भाषणही केले. चौथ्या दिवशी पायाला तेल लावता लावता आमच्या सौभाग्यवती थांबल्या आणि म्हणाल्या, "अवो, दुखनं तं तुमच्या दोन्ही पायांत रायते. मंग आज हा एकच पाय काहून सुजला?"

मंडळी, आमच्या सबंध आजारपणात याहून शहाणा प्रश्न कोणी विचारला नाही. ही बाई कधी शाळेत गेलेली नाही. पण नेहमीचे कोणते आणि नवे कोणते, हे तिने ओळखले. पोटरीभोवती दोरी धरून तिने दोन्ही पाय मोजून दाखवले. डावा चांगला दोन बोटे जाड निघाला. त्याच दिवशी रुग्णालयात गेलो. तेथील तरुण डॉक्टरांनी आधी पाय पाहिला, श्वास लागतो का ते विचारले, प्रवासाची हकीगत ऐकली. आमच्या हातात तोवर बाहेरच्या प्रयोगशाळेचा कागद होता. त्यावर लिहिले होते: डी-डायमर १८५०, मर्यादा ५००. आम्ही घाबरून विचारले, "डॉक्टरसाहेब, हे साडेतीन पटींहूनही जास्त आहे ना?" ते म्हणाले, "तुमच्या बाबतीत या आकड्यावर मी निकाल देणार नाही. पायाची सोनोग्राफी करू."

तसे ते का म्हणाले, हे कळायला आम्हाला पुढे बरेच वाचावे लागले. त्याचे सार आपणापुढे ठेवतो.

प्रत्येक चाचणी एकच प्रश्न विचारते. काटा कापसाचे वजन सांगतो. धाग्याची लांबी सांगत नाही, ओलावाही सांगत नाही. लांबी कळत नाही म्हणून कोणी काट्याला खोटा म्हणत नाही. चाचण्यांचेही तसेच आहे.

सगळ्यांत साधी चाचणी आपल्यापैकी अनेकांनी पाहिली असेल. घोणस किंवा फुरसे चावलेल्या मजुराला ग्रामीण रुग्णालयात आणले, की त्याचे थोडे रक्त काचेच्या कोऱ्या, कोरड्या नळीत घेऊन वीस मिनिटे न हलवता ठेवतात. मग नळी आडवी करून पाहतात. रक्त वाहिले, तर विषाने गोठण्याची शक्ती मारली असे समजायचे. रक्त गोठते की नाही, एवढाच या चाचणीचा प्रश्न.

दुसरी चाचणी प्रोथ्रॉम्बिन टाइम. रक्त गोठायला किती सेकंद लागतात, ते ती पाहते. निरनिराळ्या प्रयोगशाळांचे सेकंद एकमेकांशी जुळत नसत. म्हणून १९८३ साली जागतिक आरोग्य संघटनेने सर्वांसाठी एक गुणोत्तर ठरवून दिले, त्याला आयएनआर म्हणतात. पायात गुठळी आहे का, हा या चाचणीचा प्रश्नच नव्हे. गुठळी असलेल्या माणसाचा आयएनआर अगदी सरळ येऊ शकतो. रक्त पातळ ठेवणारे वॉरफरिनसारखे औषध चालू असेल, तर ते बेतात आहे की अती झाले, हे सांगणे तिचे मुख्य काम.

तिसरी चाचणी डी-डायमर. शरीरात फायब्रिनचे जाळे तयार झाले, की शरीर ते हळूहळू कापून विरघळवते. त्या कापलेल्या जाळ्याचे तुकडे रक्तात फिरतात. तेच हे डी-डायमर. म्हणजे ही राख आहे. अंगणात राख दिसली म्हणजे कोठेतरी जाळ झाला एवढे खरे. पण तो होळीचा, चुलीचा की घर पेटल्याचा, हे राख सांगत नाही. जंतुसंसर्ग, शस्त्रक्रिया, गरोदरपण, मार, वाढते वय, अशा अनेक कारणांनी डी-डायमर वाढते. उलट राख मुळीच नसेल, आणि डॉक्टरांना तपासून फारसा संशयही वाटत नसेल, तर घर पेटलेले नाही असे बहुधा खात्रीने म्हणता येते. म्हणून या चाचणीचा खरा उपयोग 'गुठळी नाही' असे म्हणण्यासाठी आहे, 'आहे' असे म्हणण्यासाठी नव्हे. आणि सिकलच्या माणसाच्या घरी तर चूल रोजच पेटलेली. कळ नसतानाही त्याचे डी-डायमर वाढलेले असू शकते, कळ उठली की आणखी वाढते. रोजच्या चुलीच्या घरात राखेवरून आग कशी ओळखावी? म्हणून त्या डॉक्टरांनी आकडा बाजूला ठेवला.

चौथी चाचणी, म्हणजे डॉप्लर सोनोग्राफी, प्रत्यक्ष शीर पाहते. पोटरीवर, मांडीवर यंत्राचे टोक दाबतात. निरोगी शीर रिकाम्या ट्यूबसारखी चपटी होते; आत गुठळी असेल तर दबत नाही. आमची दबली नाही. पहिल्या खेपेस काही दिसले नाही आणि संशय मात्र राहिला, तर आठवड्याने ही तपासणी पुन्हा करतात. फुप्फुसात गुठळीचा संशय असेल, तर शिरेत औषध सोडून छातीचे सीटी स्कॅन करतात. सिकलने मूत्रपिंडेही दुबळी होतात. म्हणून त्या औषधाआधी क्रिएटिनिनची चौकशी करून घ्यावी.

आकड्याबद्दल आणखी एक गोष्ट. डी-डायमर मोजण्याची मापे एक नाहीत. एका कागदावर मर्यादा ५०० असते, दुसऱ्यावर ०.५, आणि दोन्ही एकच असू शकतात. तिसऱ्या पद्धतीत ती २५० च्या आसपास असते. क्विंटल आणि मण यांची तुलना करून भाव ठरवला, तर अडत्याचे फावते. यास्तव दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी ठेवून 'वाढले, कमी झाले' म्हणू नये. माप आणि मर्यादा दोन्ही पाहावीत. पन्नाशीनंतर वयानुसार ही मर्यादाही डॉक्टर वाढवून धरतात.

गुठळी निघाली म्हणून आम्हाला काही महिने वॉरफरिन घ्यावे लागले. या औषधाची कूळकथा शेतकऱ्यांनी ऐकण्यासारखी आहे. अमेरिकेच्या विस्कॉन्सिन प्रांतात बुरशी लागलेला गवताचा चारा खाऊन गुरे रक्तस्राव होऊन मरत. १९३३ सालच्या हिवाळ्यात तेथील एक शेतकरी बर्फाच्या वादळात दुधाच्या कॅनमधून मेलेल्या गाईचे न गोठणारे रक्त घेऊन विद्यापीठात गेला. त्या रक्तापासून शोध सुरू झाला. १९४८ साली त्यातून उंदीर मारण्याचे औषध बाजारात आले, आणि १९५४ पासून तेच माणसासाठी वापरू लागले. मारक आणि तारक यांत फरक मात्रेचा. आणि मात्रा सांगते आयएनआर. गुठळीसाठी तो साधारणपणे दोन ते तीन यांच्या दरम्यान ठेवतात. पालक, मेथी या भाज्यांनी तो खाली येतो. म्हणून त्या सोडू नयेत, पण एक दिवस जुडीभर आणि मग महिनाभर नाही, असेही करू नये. आता ज्यांना आयएनआर लागत नाही अशीही औषधे आली आहेत. पण कोणतेही असो, त्याच्या जोडीला दुकानातून आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या दुखण्याच्या गोळ्या किंवा कंबरेतली सुई डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नये, रक्तस्राव होतो. आणि आमच्यासारख्या नित्य दुखणाऱ्या माणसाचा हात आधी त्याच गोळ्यांकडे जातो, हे विसरू नका.

आता जे सांगायचे ते सांगायला जड जाते. २०१९ साली आमच्या संघटनेतील एक तरुण हमाल, आमच्याच आजाराचा, एका संध्याकाळी कचेरीत आला. छातीत दुखते, श्वास पुरत नाही, म्हणाला. आमच्यावर हे बेतून गेलेले होते. आम्हाला ठाऊक होते. तरीही मोर्चाची तयारी चालू होती, आणि आम्ही म्हणालो, "काई नाई भाऊ, नेहमीचंच हाये. दोन दिवस पडून राय." जे शब्द जन्मभर दुसऱ्यांनी आम्हाला ऐकवले, तेच आम्ही त्याला ऐकवले. तिसऱ्या दिवशी तो गेला. त्याला गुठळी होती, की सिकलने फुप्फुस धरले होते, की आणखी काही, हे आम्हाला कधीच कळणार नाही. कारण तो प्रश्न कोणी विचारलाच नाही. ज्याला पहिल्यांदा विचारता आला असता, तो माणूस आज आपल्यासमोर उभा आहे.

भीती कशी उलटते तेही ऐका. २०२१ साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत 'डी-डायमर' हा शब्द जिल्ह्यात घरोघर शिरला. माणसे फोनवर एकमेकांना विचारत, "तुमचा किती आला?" आम्हाला काही होत नव्हते. ना सूज, ना धाप. तरी त्या मुलाचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना, म्हणून तपासून घेतले. आकडा १६०० आला. डॉक्टरांना न विचारता आम्ही कपाटातल्या जुन्या वॉरफरिनच्या गोळ्या सुरू केल्या. जोडीला दुखण्याची गोळी होतीच. नवव्या दिवशी हिरड्यांतून रक्त येऊ लागले. रुग्णालयात आयएनआर सहाच्या वर निघाला. राख पाहून आम्ही आमच्या नांदत्या घरावर पाणी ओतत सुटलो होतो! दोन वर्षांपूर्वी कळ ऐकली नाही म्हणून चुकलो. आता फक्त आकडा ऐकला म्हणून चुकलो.

तात्पर्य, भगिनींनो आणि बंधूंनो, आकडा आणि कळ या दोघांची साक्ष एकत्र काढली पाहिजे. त्यासाठी नित्य दुखणाऱ्या माणसाने पहिली गोष्ट ही करावी, की आपले 'नेहमीचे' काय ते वहीत लिहून ठेवावे: कोठे दुखते, किती दिवस टिकते, हिमोग्लोबिन एरवी किती असते. म्हणजे नवे आले की ते उठून दिसेल. एकाच पायाची सूज, ऊब, पोटरीतली नवी कळ, अचानक लागलेली धाप, श्वास घेताना छातीत टोचणे, थुंकीतून रक्त, भोवळ. यांतील काहीही झाले, तर 'नेहमीचे' म्हणू नका, पाय चोळत बसू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा. दुसरी गोष्ट, कागद हाती आला की डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा: ही चाचणी कशासाठी केली? माझ्या आजारात हिचा आकडा एरवीच वाढलेला असतो का? आणि यावरून आता काय करायचे? हे उद्धटपणाचे प्रश्न नव्हेत. चांगला डॉक्टर त्यांची वाटच पाहत असतो.

तिसरी गोष्ट कामाच्या जागेची. कळ मोजणारी चाचणी निघालेली नाही. ती रक्तात दिसत नाही, सोनोग्राफीत दिसत नाही. मुकादमाला कागद हवा असतो, आणि कळीचा कागद नसतो. म्हणून सिकलचा कामगार हजेरीपटावर कामचोर ठरतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सिकलसेलला दिव्यांगत्वाच्या यादीत जागा दिली. २०२३ च्या जुलैपासून देशात सिकल निर्मूलनाची मोहीम सुरू झाली, २०४७ हे तिचे लक्ष्यवर्ष आहे. या गोष्टी चांगल्या आहेत. पण ओझ्याखाली वाकलेल्या पोराने "आज वेगळंच दुखते" म्हटले, की हातातले काम टाकून त्याला दवाखान्यात नेणारा माणूस कोणताही कायदा पुरवू शकत नाही. तो आपल्यालाच व्हावे लागते.

आमच्या कचेरीत आता एक नियम आहे. श्वासाची किंवा छातीची तक्रार घेऊन कोणी आला, तर सभा चालू असली तरी थांबते आणि दोन माणसे त्याच्याबरोबर जातात. आजवर बहुतेक वेळा काही निघाले नाही. माणसे हसत परत आली, आणि आमची सभा तेवढी उशिरा संपली. तो उशीर आम्हाला चालतो.